अण्णांच्या हौदातली वाइन

खोली भाड्यानं देण्याआधी नाशकातल्या घरमालकांनी मला बरंच काही विचारलं होतं. लग्न झालंय का, मांसाहार करता का, घरी कोण कोण येतं. दिंडोरीकडच्या एका वाइनरीत मी नोकरी करते, आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखायला देते, असं सांगितलं की बहुतेकांचे प्रश्न संपायचे आणि खोलीही हातची जायची. मखमलाबाद रोडवरच्या सरांनी मात्र हे ऐकून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला आणि एकच प्रश्न विचारला.

"तुला टाकीत उतरावं लागतं का?"

मी म्हटलं, नाही, माझं काम ग्लासाशी.

"कुणी सांगितलं तरी उतरायचं नाही. हे कबूल असेल तर वरची खोली तुझी."

सर एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलेलं नव्हतं. उंच, सडसडीत, थोडे पुढे झुकलेले, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी मेणबत्तीचं एक थोटूक व काडेपेटी. घरातली कुठलीही बंद खोली उघडली की ते आधी मेणबत्ती पेटवायचे, कमरेत वाकून ती जमिनीलगत आत सरकवायचे आणि ज्योतीकडे बघत राहायचे. ज्योत टिकली की उठून दार पूर्ण उघडायचे आणि म्हणायचे, "या." जणू आपणच आपल्याला आत बोलावत होते. हा प्रकार कोठीच्या खोलीपुरता असता तर मी समजू शकले असते. पण दुपारी दोन तास झोपून उठले तरी स्वतःच्याच खोलीबाहेर येताना ते पॅसेजमध्ये मेणबत्ती धरायचे.

त्यांचा पलंग विटा रचून इतका उंच केलेला होता की चढायला स्टूल लागायचं. जमिनीवर त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ते उभ्यानं जेवायचे. तळघरात दुकान असेल तर तिथली वस्तू नको म्हणायचे. एकदा त्यांच्या बहिणीनं आग्रह करून त्यांना मेन रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात नेलं. सेल तळघरात होता. सरांनी पायरीवर वाकून मेणबत्ती पेटवली आणि हात लांब करून खाली धरली. एवढ्या साड्यांमध्ये पेटती मेणबत्ती बघून दुकानदाराची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. बहीण त्यानंतर वर्षभर बोलली नाही. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की हवा दिसत नाही म्हणून तिला सभ्य समजू नये.

गल्लीतल्या मुलांना हसू यायचं, शेजाऱ्यांना वैताग यायचा. मला सुरुवातीला गंमत वाटायची. मग एक दिवस त्यांनी मला बाटली दाखवली.

रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. सरांनी कपाटाच्या अगदी वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेली एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तू यातली जाणकार. हिची विक्री करायची आहे. आधी बघून घे."

जाड, हिरवट काचेची बाटली होती. लेबल नाही. बूच लाखेनं बंद केलेलं, लाखेवर अंगठ्याचा ठसा उमटलेला. मी ती उजेडात धरली. इतक्या वर्षांत बुचातून थोडी तरी वाइन उडून पातळी खाली जायला हवी होती, तळाशी गाळ बसायला हवा होता. दोन्ही झालेलं नव्हतं. आतला रंग इतका दाट होता की पलीकडची खिडकी दिसत नव्हती.

"कुणाची?" मी विचारलं.

"अण्णांची. माझ्या वडलांची."

अण्णांची दिंडोरीजवळ द्राक्षबाग होती. नाशकात वाइनरी हा शब्दही कुणाला माहीत नव्हता त्या काळात अण्णांच्या डोक्यात वाइनचं खूळ शिरलं. कुठून कुठून वेलींच्या काड्या आणून त्यांनी वेगळी द्राक्षं लावली, शेडमध्ये जमिनीखाली सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि त्यात द्राक्षं आंबवली. घरच्यांना ते लाजिरवाणं वाटायचं. सर तेव्हा नाशकात होस्टेलवर राहून कॉलेज करत होते. वाइन तयार झाली त्या दिवशी अण्णांनी हौदातून ती बुधल्यांमध्ये उतरवून घेतली. पहिली बाटली स्वतः भरली, बूच मारलं, लाख ओतली, अंगठा दाबला आणि ती माळ्यावर ठेवली. मग हौदाच्या तळाशी साचलेला द्राक्षांचा चोथा काढायला देवराम उतरला. देवराम पेठ तालुक्याकडचा, दर हंगामात बागेत कामाला येणारा.

द्राक्षं आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड असतो. वाइन काढून घेतली तरी तो हौदाच्या तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही. आज आमच्या वाइनरीत टाकीत माणूस उतरवण्याआधी यंत्रानं तपासतात, दोरी बांधतात. अण्णांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"दोघंही हौदात सापडले," सर म्हणाले. "अण्णा आणि देवराम. त्या वेळी शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं."

घरी आईनं सांगितलं, अण्णा देवरामला वाचवायला उतरले. देवरामच्या गावात वेगळं बोललं जात होतं. मालकानं गड्याला खाली ढकललं, वरून बघत राहिला आणि डोकावताना तोल जाऊन पडला. ज्यांनी दोघांना बाहेर काढलं ते शेजारच्या मळ्यातले लोक सरांना बघितलं की विषय बदलायचे. हौद कसा होता, ते कसे पडले होते, कुणीही कधी सांगितलं नाही. आईनं बुधले ओढ्यात ओतून दिले, हौद मातीनं बुजवला. पुढं बाग गेली, शेत गेलं. आई जाताना ही बाटली सरांच्या हातात देऊन गेली.

हे सांगता सांगता सरांनी मेणबत्ती पेटवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. पंखा बंद होता, खिडक्याही. ज्योत काही क्षण सरळ उभी राहिली. मग ती बाटलीच्या दिशेनं झुकली. हळूहळू, पाणी पिणारं जनावर मान खाली घालतं तशी ती आडवी झाली, आणि विझली.

मी सरांकडे पाहिलं. ते मान हलवत होते.

"श्वास घेतात," ते म्हणाले. "त्या दिवशी पुरला नाही ना."

मी कामाच्या निमित्तानं वाइनबद्दल पाहुण्यांना रोज काहीबाही सांगत असते, वाइन श्वास घेते हेही त्यातलंच. पण त्या दिवसानंतर ते वाक्य माझ्या तोंडून आलेलं नाही.

बाटली विकायचं कारण त्यांनी साधं दिलं. वय झालं, मागं कुणी नाही, उद्या कुणीतरी घर रिकामं करताना ती भंगारात टाकेल. ते त्यांना नको होतं. फुकट द्यायलाही तयार नव्हते. फुकट मिळालेली वस्तू माणूस सांभाळत नाही, असं त्यांचं मत होतं. मी ओळखीच्या एक-दोन लोकांना सांगितलं. नाशकातली पहिली वाइन म्हटल्यावर गिऱ्हाइकं यायला वेळ लागला नाही. सर प्रत्येकाला सगळी हकीकत सांगायचे. दोन माणसं हिच्याशी बांधलेली आहेत, हे ऐकून घेणार असाल तर घ्या, म्हणायचे. लोक ऐकायचे, आणि बहुतेकांना ती बाटली त्यामुळं जास्तच हवीशी वाटायची. हे मला बाटलीपेक्षाही भीतीदायक वाटलं.

पहिल्यांदा ती एका डॉक्टरांनी घेतली. जुन्या वस्तू जमवणारा हसरा माणूस. आठवडा व्हायच्या आत ते बाटली घेऊन परत आले. चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठता उठता म्हणाले, की आईचा हट्ट आहे, देवघरातला दिवा तेवत राहत नाही म्हणते. तेल बदललं, वात बदलली, देवघराची जागाही बदलली. त्यांचा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सिन्नरच्या एका कारखानदारांनी नेली. त्यांनी ड्रायव्हरबरोबर खोक्यातून परत पाठवली, निरोप काहीच नाही. सरांनी ड्रायव्हरला बसवून पाणी दिलं आणि विचारलं.  तो म्हणाला की साहेबांनी बाटली ज्या खोलीत ठेवली तिथं कुणीतरी धापा टाकतं. मॅडमनी ऐकलं, कामवालीनं ऐकलं, त्यानं स्वतः ऐकलं.

"कसं?" सरांनी विचारलं.

"जड ओझं उचलल्यासारखं," ड्रायव्हर म्हणाला आणि पाणी न पिताच उठला.

सरांनी दोन्ही वेळा पूर्ण किंमत परत केली आणि बाटली पुन्हा वरच्या फळीवर ठेवली. तिसरं गिऱ्हाईक आलं ते त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलचे मालक. रोखठोक माणूस. आधीच्या दोघांचं ऐकून ते नुसते हसले. पण या वेळी सरांनी लगेच हो म्हटलं नाही. एकाला विचारायचं राहिलंय, म्हणाले.

इथं सरांची आणखी एक सवय सांगायला हवी. वर्षातून एकदा, द्राक्षांचा हंगाम संपता संपता, ते सकाळी सीबीएस स्टँडवर जाऊन पेठची एसटी पकडायचे आणि दुपारच्या आत घरी परत यायचे. पेठला जाऊन एवढ्या लवकर कसे येता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, पेठपर्यंत जात नाही, करंजाळीला उतरतो आणि परतीची गाडी धरतो. देवरामचं गाव करंजाळीच्या पुढं होतं. इतकी वर्षं ते अर्ध्या वाटेवरून मागं फिरत होते.

"तिथं त्याची मुलगी आहे," ते म्हणाले. "तो गेला तेव्हा ती रांगत होती. ही बाटली अर्धी तिची आहे. तिला न विचारता मी दोनदा विकली, म्हणून परत आली असेल."

मी माझ्या सुट्टीच्या दिवशी गाडी काढली. सर पुढच्या सीटवर, मांडीवर बाटली. करंजाळी आली तशी त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. मी गाडी थांबवली नाही. घाट उतरून एका फाट्यावरून आत गेलं की डोंगराच्या कडेला देवरामचं गाव होतं. मुलीचं नाव सोमीबाई. केस पिकलेली, काटक बाई. घर कुडाच्या भिंतींचं, पुढं सारवलेलं अंगण. तिनं आम्हांला खाटेवर बसवलं, कोरा चहा दिला. सरांनी आपण कोण ते सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. वाट बघत असल्यासारखं तिनं ऐकून घेतलं.

सरांनी बाटली पुढं केली आणि म्हणाले, ही विकायची आहे, तुमची परवानगी हवी. येईल त्यातला अर्धा वाटा तुमचा.

तिनं बाटली दोन्ही हातांत घेतली, कानाजवळ नेली.

"माझा बाप पीत नव्हता," ती म्हणाली. "त्याला यात कोंडून ठेवलाय तुमी."

 ती बाटली घेऊन घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. आम्ही खाटेवर बसून राहिलो. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. आतून तिची हाक ऐकू आली, "बा." एकदाच, साध्या आवाजात, शेतातून जेवायला बोलवावं तशी. अंगणातल्या कोंबड्या सगळ्या एकदम कुंपणाकडे सरकल्या. मग आत कुणीतरी खोकलं. पुरुषी, खोल खोकला, छातीतून ओढून काढल्यासारखा. थांबला, पुन्हा सुरू झाला. एक उबळ संपायच्या आत दुसरी. त्या घरात सोमीबाईशिवाय कुणी नव्हतं, हे मला नक्की माहीत होतं, कारण एकुलत्या एक दारातून मी आत सगळं पाहिलं होतं. सरांनी कपबशी खाटेवर ठेवली. 

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. कपाळ घामानं ओलं झालेलं. तिनं बाटली सरांना दिली. लाख तशीच होती, अंगठ्याचा ठसाही तसाच. वाइन बुचापर्यंत भरलेली.

"इका आता," ती म्हणाली. "माझा बाप मी काढून घेतला. वाटा नको मला."

परतताना आम्ही घाट चढून वर आलो. सर म्हणाले, "हलकी लागतेय." मी गाडी कडेला घेऊन बाटली हातात घेतली. ती हलकी झालेली होती. भरलेली बाटली रोज माझ्या हातात असते, तिचं वजन मला माहीत आहे.

त्या आठवड्यात हॉटेलमालकांनी बाटली नेली. या वेळी ती परत आली नाही. दिवे विझल्याचा निरोप नाही, काही नाही. सरांनी वरची फळी पुसून तिथं जुनी पुस्तकं ठेवली. पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मेणबत्ती पेटवायचे आणि दार उघडायचं विसरून तसेच उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "देवराम गेला त्याच्या घरी. अण्णांना मात्र मी हॉटेलवाल्याला देऊन आलो."

उन्हाळ्यात हॉटेलमालकांचा फोन आला. त्यांनी पाहुण्यांसमोर बाटली उघडली होती. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. ते म्हणाले, आंबून गेली असती तरी समजलो असतो. हिला वासच नाही. चवच नाही. रंग एवढा गडद, आणि तोंडात घेतली तर काहीच नाही, पाण्यालासुद्धा काहीतरी चव असते. फोन ठेवून सर माझ्याकडे वर आले. जिना चढताना प्रथमच मी त्यांना धापा टाकताना ऐकलं.

"अण्णाही त्यात नव्हते," ते म्हणाले. "मग ते गेले कुठे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पेठच्या वाटेला लागलो.

सोमीबाईच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली होती, सगळीकडे त्यांचा गोड, जड वास. ती फुलं हातानं पसरत होती. आम्हांला बघून तिनं खाट सावलीत ओढली. सर बसले नाहीत. उन्हातच उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही तुमच्या वडलांना नेलंत. माझे वडील कुठे आहेत?"

तिनं हात थांबवला. "तवाच इचारायचं ना," ती म्हणाली. "मला वाटलं तुमाला ठाऊक हाय. तुमाला कुनीच सांगितलं नाय, ते कसे सापडले?"

"नाही. कधीच नाही."

"मलाबी नाय. आमच्यात म्हनायचे, मालक बघत उभा राहिला अन् तोल जाऊन पडला. माझी आय हेच बोलत मेली." ती सरांजवळ आली. दोघांच्या मध्ये फुलांचा पसारा होता. "मी माझ्या बापाला हाक मारली. एकालाच. तर दोगं आले. माझा बाप वर, तुमचा बाप खाली. काखेत हात घालून त्यानं माझ्या बापाला डोक्याच्या वर उचलून धरलेलं. अजून वर ढकलत व्हता. बाहेर आला तरी ढकलतच व्हता."

 मी विचारलं, "मग?"

"मग मी म्हनलं, मालक, पोचला तो वर. ठेवा आता खाली."

"ठेवलं?" सरांनी विचारलं.

"लगीच नाय. हात आखडून गेले व्हते त्यांचे," सोमीबाई म्हणाली. "मी चोळून दिले."